भर मे महिन्यात गच्चीवर ‘पाऊस’ का ऐकू येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीषनगरातल्या चारमजली सोसायटीच्या गच्चीवर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) आणि आयएनएमपी४४१ हा छोटा डिजिटल माइक बसवला आहे. हॉर्न, सायरन, डीजे, फटाके आणि रात्रीचं कुत्र्यांचं भुंकणं असे पाच आवाज आपोआप ओळखून त्यांच्या वेळा नोंदवायच्या आहेत. ईएससी-५० या नमुना-आवाजांच्या संचावर शिकवलेलं मॉडेल लॅपटॉपवर ९२ टक्के अचूक येतं. गच्चीवर मात्र ते भर उन्हात ‘पाऊस’ आणि ‘व्हॅक्यूम क्लीनर’ सांगतं, दिवसातून दीडशे वेळा ‘सायरन’ दाखवतं आणि पलीकडच्या लॉनवरचा डीजे त्याला ऐकूच येत नाही. मोठं मॉडेल घ्यावं, की माइक बदलावा?

आत्ता तरी दोन्ही नको. तुमचं मॉडेल बिघडलेलं नाही. त्याला एक प्रश्न शिकवला गेला आणि गच्चीवर दुसराच विचारला जातोय. ‘ही पाच सेकंदांची क्लिप ५० पैकी कोणत्या प्रकारची?’ हा शिकवलेला प्रश्न. ‘अखंड चालू असलेल्या गोंगाटात हॉर्न कधी सुरू झाला, कधी संपला, आणि उरलेला सगळा वेळ माझ्या कामाचं काहीच नव्हतं ना?’ हा गच्चीवरचा प्रश्न. पहिलं झालं वर्गीकरण, दुसरा झाला शोध. शोध जास्त अवघड आहे, आणि त्यातली अवघड बाजू आवाज ओळखण्यापेक्षा ‘काहीच नाही’ हे ठामपणे ओळखण्याची आहे.

आधी त्या ९२ टक्क्यांकडे पाहू. ईएससी-५० हा संच २०१५ चा. ५० प्रकार, प्रत्येकाच्या ४० क्लिप, एकूण २०००, प्रत्येक पाच सेकंदांची. अभ्यासाला उत्तम आहे, पण त्याच्या दोन गोष्टी गच्चीवर नडतात. एक म्हणजे त्यावर शिकवलेल्या मॉडेलच्या शेवटी सहसा सॉफ्टमॅक्स असतो, म्हणजे ५० जणांत मिळून १०० टक्के वाटायचेच. ‘यातलं काहीच नाही’ असं म्हणायची सोय नाही. त्या ५० मध्ये कूलर नाही, कोकीळ नाही, कुकरची शिट्टी नाही. मग जे जवळचं वाटेल ते नाव चिकटतं. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: छोटे आवाज पाच सेकंद भरावेत म्हणून उरलेल्या जागी शून्य भरलेले आहेत. भुंकणं अर्धा सेकंद, पुढे निव्वळ डिजिटल शांतता. मॉडेल ही शांतताही खूण म्हणून शिकतं. तुमच्या गच्चीवर तशी शांतता पहाटे तीन वाजताही मिळणार नाही.

आता पाऊस. नागपुरात एप्रिल ते जून प्रत्येक खिडकीत डेझर्ट कूलर असतो, आणि गच्चीवर पोचणारा सगळ्यात टिकाऊ आवाज त्याचाच. या आवाजाचे तीन थर असतात. तळाला पंख्याची पाती: ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटाला १५०० च्या थोडी खाली, समजा १४०० फेरे घेते, पाती चार असतील तर सेकंदाला साधारण ९३ ठोके. त्याच्या शेजारीच मोटरची आणि पत्र्याची १०० हर्ट्झची घरघर. या दोन्हींच्या वर वाऱ्याचा रुंद सुसकारा आणि ताट्यांवरून ठिबकणारं पाणी. सर्वसाधारण मॉडेल तळाचे हर्ट्झ फारसे बघतच नाहीत. उदाहरणार्थ यामनेट या गुगलच्या तयार मॉडेलचा मेल-पट, म्हणजे ते आवाजाच्या ज्या वारंवारिता बघतं ती पट्टी, १२५ हर्ट्झला सुरू होतो. म्हणजे कूलरला कूलर बनवणारी खूण कापली जाते, आणि हाती उरतो सुसकारा अधिक ठिबक. त्या पट्ट्यापुरता तो पाऊसच आहे. मॉडेलने दिलेल्या माहितीवर बरोबर उत्तर दिलं, चूक माहितीची निवड करणाऱ्यांची.

सायरनच्या दीडशे वेळांमागे मात्र साधा गुणाकार आहे, तो एकदा कागदावर करून बघा. ०.४८ सेकंद सरकत जाणारी खिडकी (मॉडेल एका वेळी ऐकतं तो आवाजाचा तुकडा) घेतली तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १,८०,००० खिडक्या होतात. मॉडेल हजारात एकदाच चुकतं असं धरा, म्हणजे ९९.९ टक्के बरोबर. तरी दिवसाला १८० खोट्या खिडक्या. तुमच्या रस्त्यावरून दिवसात खरोखर सहा रुग्णवाहिका गेल्या असतील, तर यादीतल्या १८६ नोंदींपैकी सहा खऱ्या. लागून आलेल्या खिडक्या एकत्र केल्या की आकडा थोडा उतरतो, पण चित्र तेच राहतं. म्हणून शोधाच्या कामात ‘अचूकता किती टक्के’ हा प्रश्नच सोडून द्या. विचारायचं ते एवढंच: दिवसाला खोट्या नोंदी किती, आणि खऱ्यांपैकी सुटल्या किती?

हे समजलं की दुरुस्तीचा क्रम ठरतो. आधी माइकपासून फाइलपर्यंतची साखळी, मग तुमच्या गच्चीचं ध्वनिमुद्रण आणि लेबल, मग मॉडेल. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि महिने घालवतात.

आयएनएमपी४४१ बदलायची गरज नाही. ९४ डेसिबलला तो उणे २६ डीबीएफएस (डिजिटल पट्टीच्या कमाल पातळीपासून मोजलेले डेसिबल) देतो, म्हणजे पूर्ण पट्टी १२० डेसिबलला भरते. त्याचा स्वतःचा खरखराट साधारण ३३ डेसिबल, तुमच्या रात्रीपेक्षा खूप खाली. पण या हिशोबाचा दुसरा अर्थ असा की ६० डेसिबलचा रोजचा रस्ता उणे ६० डीबीएफएसवर येतो, पूर्ण पट्टीच्या हजाराव्या भागाएवढा. यूट्यूबवरच्या भरघोस पातळीच्या आवाजांवर शिकलेल्या मॉडेलला हे फारच दबकं वाटतं. त्यावर अनेक जण प्रत्येक क्लिप तिच्या शिखरापर्यंत ताणतात. ते करू नका. रात्री दोन वाजता काहीच नसताना कूलरची कुजबुज ताणली की वादळ होतं, आणि तुमचं यंत्र त्याच वादळाची नावं सांगत बसतं. त्याऐवजी एकच ठरावीक वाढ द्या, २० ते ३० डेसिबल, दिवसरात्र तीच, आणि ती शिकवतानाही तीच ठेवा. आपोआप पातळी सांभाळणारी किंवा गोंगाट दाबणारी कोणतीही सोय साखळीत कुठेही चालू नको. याच कारणासाठी फोनवर मुद्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिप शिकवायला वापरू नका.

जोडणी तपासून घ्या: बिटक्लॉक जीपीआयओ १८ ला, वर्डसिलेक्ट १९ ला, डेटा २० ला, वीज ३.३ व्होल्टची, आणि एल-आर पिन ग्राउंडला जोडली तर आवाज डाव्या वाहिनीत येतो. उजवी वाहिनी वाचत असाल तर शून्यच मिळेल. तारा वीतभरापेक्षा लांब नकोत. आयटूएसच्या (माइक आणि पाय यांच्यातल्या या डिजिटल जोडणीच्या) तारा लांबल्या की बिट निसटतात, टिकटिक येते आणि मॉडेल तिला फटाका समजतं. माइक गच्चीच्या टोकाला आणि पाय खाली जिन्यात ठेवायचा असेल तर सरळ यूएसबी माइक घ्या. आणखी एक: ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण करून १६ वर आणताना दर तिसरा नमुना उचलायचा नाही. तसं केलं की ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं दुमडून खालच्या पट्टीत येतं, रातकिडे भलत्याच जागी गाऊ लागतात. आधी गाळणी, मग घट. सॉक्स किंवा लिब्रोसासारखी साधनं हे नीट करतात.

जागा आणि पेटी. माइक कूलरांच्या विरुद्ध बाजूला, पाण्याच्या टाकीपासून आणि पत्र्याच्या शेडपासून दूर, भिंतीपासून मीटरभर तरी पुढे. तोंड खाली, वर फोमची टोपी, छिद्रावर पाणी न शिरू देणारा पातळ पीटीएफई पडदा. मे महिन्यातली लू थेट माइकवर आली तर २०० हर्ट्झच्या खाली नुसता गडगडाट भरतो. फोम म्हणूनच लागतो. पायची पेटी पांढरी, सावलीत, तळाला हवेची वाट असलेली. हवा ४५ अंशांची असताना उन्हातल्या बंद पेटीत पाय ८० अंशांच्या पुढे सहज जातो, तिथून तो स्वतःचा वेग उतरवतो आणि ध्वनीचे तुकडे सुटायला लागतात. नोंदींत दुपारी बारा ते चार या वेळेत खंड दिसले तर मॉडेलला दोष देण्याआधी तापमान पाहा. वीज जाऊन आल्यावर घड्याळ चुकू नये म्हणून डीएस३२३१ चं छोटं घड्याळ बसवा, आणि तात्पुरते ध्वनितुकडे कार्डावर न लिहिता रॅममध्ये ठेवा. सतत लिहिलं की कार्ड मरतं.

आता खरं काम. आठ दिवस सलग मुद्रण करा. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक वाहिनी म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट, तासाला ११५ एमबी, दिवसाला २.७६ जीबी. आठ दिवस ३२ जीबीच्या कार्डात बसतात. त्यात एक रविवार हवा, लग्नाची तिथी असलेला एक दिवस हवा. हे सगळं कानाने ऐकत बसायचं नाही. पूर्ण ऐकायचे फक्त चोवीस तास, वेगवेगळ्या दिवसांतले, सकाळ-दुपार-रात्र मिळून. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये लेबल ट्रॅक उघडा, सुरुवात-शेवट निवडा, नाव द्या. फाइल साधा मजकूर असते, प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट, नाव. उरलेल्या मुद्रणावर सध्याचंच मॉडेल चालवा आणि ज्या खिडक्यांना ०.३ ते ०.७ गुण मिळाले त्या तेवढ्या ऐका, सोबत कुठूनही उचललेल्या काही खिडक्या. जिथे मॉडेल गोंधळतं तिथलं लेबल दहापट किमतीचं असतं. प्रत्येक आवाजाचे दीडशे-दोनशे नमुने, किमान चार-पाच वेगळ्या दिवसांतले, जमले की पुढे जाता येतं.

लेबल लावण्याआधी अर्धं पान नियम लिहा. सलग तीनदा दाबलेला हॉर्न एक की तीन? मनीषनगरच्या रेल्वेमार्गावरून येणारा गाडीचा भोंगा ‘हॉर्न’मध्ये धरायचा का? (धरू नका, वेगळा वर्ग ठेवा, वाहतुकीच्या त्रासाचा हिशोब बिघडतो.) कचरागाडीचं गाणं डीजे आहे का? हेच नियम हातात घेऊन सोसायटीतल्या दुसऱ्या कोणाला तोच एक तास लेबल करायला द्या. तुम्हा दोघांचं जिथे जुळणार नाही, तिथे यंत्राचंही कधी जुळणार नाही. मग नियम सुधारा.

आणि ‘नको असलेल्या’ आवाजांवर तेवढीच मेहनत घ्या. तुमच्या सायरनचे खरे वैरी माझ्या मते हे: चढत जाणारी कोकिळेची शीळ, कुकरची शिट्टी, दूरचं विमान उतरताना येणारा घरंगळता स्वर, आणि कचरागाडीचा कर्णा. सोनेगाव विमानतळ तुम्हाला जवळ, म्हणजे विमानं भरपूर. यांना ‘इतर’ या एकाच पोत्यात न टाकता प्रत्येकाला स्वतःचं नाव द्या. कोकीळ म्हणून कोकीळ ओळखायला शिकलेलं मॉडेल तिला सायरन म्हणत नाही. कूलरलाही वर्ग द्या. पाऊस आपोआप थांबेल.

मॉडेल शून्यातून शिकवू नका. यामनेट घ्या. २०१७ साली गुगलने यूट्यूबच्या वीस लाखांहून अधिक दहा-सेकंदी क्लिपांचा ऑडिओसेट हा संच काढला, त्यावर शिकलेलं हे हलकं मॉडेल. १६ किलोहर्ट्झ, ०.९६ सेकंदाची खिडकी, ०.४८ ची सरक, ५२१ प्रकार. ते ५२१ प्रकार बाजूला ठेवा. तुम्हाला हवा आहे तो त्याच्या आतला १०२४ आकड्यांचा सारांश. यामनेट गोठवून, म्हणजे त्याच्या आतलं काही न बदलता, त्या सारांशावर एक छोटा थर शिकवा: पाच हवे असलेले वर्ग आणि सात-आठ नको असलेले, प्रत्येकाला स्वतंत्र सिग्मॉइड, म्हणजे ० ते १ मधला स्वतःचा गुण. डीजे चालू असताना कुत्रंही भुंकतं, दोन्हींना एकाच वेळी ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. असा थर लॅपटॉपवर काही मिनिटांत शिकतो आणि टीएफलाइट (छोट्या यंत्रांसाठीचं हलकं रूप) करून पाय ४ वर आरामात चालतो. पाय झिरो २ डब्ल्यूमध्ये रॅम ५१२ एमबीच असते, तिथे सोबत दुसरं काही चालवू नका. मोठी मॉडेलं, उदाहरणार्थ २०२० च्या पॅन्स या मॉडेलसंचातलं सीएनएन१४, ३२ किलोहर्ट्झवर चालतात आणि जास्त सूक्ष्म फरक टिपतात. पण तुमच्या पाच आवाजांपैकी दोनांचा प्रश्न ती सोडवत नाहीत, कारण तो मॉडेलचा प्रश्नच नाही.

पहिला, फटाका. निव्वळ फटाक्याचा आवाज काही मिलिसेकंदांचा, तर खिडकी ९६० मिलिसेकंदांची. त्यात भर म्हणजे आपल्याकडे फटाक्याला ४ मीटरवर १४५ डेसिबल शिखरापर्यंत मुभा आहे. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे दहापट अंतराला २०. मर्यादेतलाच फटाका ४० मीटरवर फुटला तरी तुमच्या माइकवर १२५ डेसिबल, पट्टी १२० ला संपलेली. लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि कापलेला माथा सगळ्या वारंवारितांवर खोटा चुरा पसरवतो. मॉडेलला दार आपटणं, पत्रा पडणं आणि सुतळी बॉम्ब एकच दिसतात. म्हणून इथे दोन पायऱ्या करा. पहिली, साधा पातळीमापक: दर १० मिलिसेकंदांची पातळी काढा, ती मागच्या एका सेकंदाच्या पार्श्वभूमीपेक्षा २० डेसिबलने एकदम चढली की खूण करा. हे कच्च्या, वाढ न दिलेल्या आवाजावर करायचं. दुसरी, त्या खुणेभोवतीचा एक सेकंद मॉडेलला द्या. सपाट माथ्यांची संख्या ही स्वतःच एक उपयोगी खूण आहे; दार आपटून तुमचा माइक १२० ला पोचत नाही. प्रतिध्वनीपासून मात्र सावध. समोरची इमारत २० मीटरवर असेल तर आवाज जाऊन येऊन ४० मीटर धावतो. ४५ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५८ मीटर, म्हणजे ०.११ सेकंदाने दुसरा ‘फटाका’. पाव सेकंदाच्या आतली शिखरं एकच धरा. लडीतले फटाके मोजायचा नाद सोडा, ‘लड, ११ सेकंद’ एवढी नोंद पुरे.

दुसरा, डीजे. तो तुमच्या यंत्राला ऐकू येत नाही याचं कारण सरळ आहे. लॉन तीन-चारशे मीटर दूर, मध्ये इमारती. वरचा स्वर भिंतींत मरतो, उरतो तो फक्त धम-धम, आणि तो १२५ हर्ट्झच्या खाली. यामनेट तिथे आंधळं आहे. लोकांची झोप जिने उडते तेच नेमकं मोजलं जात नाही. उपाय मॉडेलबाहेरचा: ६० ते १२५ हर्ट्झची पट्टी वेगळी गाळा, तिची पातळी दर ५० मिलिसेकंदांनी काढा, आणि दहा सेकंदांच्या तुकड्यात ती पातळी किती नियमित वरखाली होते ते पाहा. नाचाची गाणी मिनिटाला १०० ते १४० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला १.७ ते २.३ वेळा. या टप्प्यात ठळक शिखर दिसलं आणि ते दोन-तीन मिनिटं टिकलं तर डीजे. कूलर आणि मोटरची घरघर याच पट्टीत आहे, पण ती सपाट असते, ठोका धरत नाही. वाऱ्याच्या गडगडाटालाही ठोका नाही. हा माइक ६० हर्ट्झच्या खाली उतरत जातो, त्यामुळे अगदी खालचा बास थोडा कमी दिसेल. शोधाला त्याने बिघडत नाही. एक काळजी घ्या: वाऱ्यासाठी तुम्ही कदाचित १०० हर्ट्झच्या खालचं कापणारी गाळणी लावली असेल. ती फक्त मॉडेलकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवा, या वाटेवर नाही. ढोल-ताशाची मिरवणूक वेगळी दिसते, ठोका असतो पण जागा बदलते, पातळी हळू चढते आणि उतरते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा मार्ग ज्यांच्या घराजवळून जातो त्यांनी तो दिवस मुद्दाम मुद्रित करून ठेवावा. असं शिकवणीचं साहित्य वर्षातून एकदाच मिळतं.

बाकी तीन सोपे. सायरनचा स्वर वर जाऊन खाली यायला काही सेकंद लागतात, एका सेकंदाच्या खिडकीत त्याचा फक्त एक उतार दिसतो, म्हणून गुणांची तीन ते पाच सेकंदांची सरासरी घ्या आणि चार सेकंदांहून कमी टिकलेला सायरन नोंदवूच नका. बहुतेक कोकिळा इथेच गळतील. हॉर्नला उलट, सरासरी नको, पाव सेकंदाचा हॉर्न खरा असतो. भुंकणं मॉडेलला उत्तम येतं. फक्त पाच सेकंदांच्या आतली भुंकणी एका प्रसंगात बांधा, नाहीतर एका रात्रीत चारशे नोंदी होतील.

प्रत्येक वर्गाचा उंबरठा (ज्या गुणापासून ‘हो’ धरायचं तो) वेगळा ठेवा, आणि उंबरठे दोन: सुरू व्हायला वरचा, संपायला खालचा, समजा ०.६ आणि ०.३. एकच उंबरठा ठेवला तर गुण त्याच्या आसपास थरथरतात आणि एका सायरनचे सात तुकडे होतात. नेमके आकडे तुमच्याच लेबलांवरून ठरवा: उंबरठा सरकवत जा आणि दिवसाच्या खोट्या नोंदी विरुद्ध सुटलेल्या खऱ्या असा तक्ता करा. सोसायटीच्या बैठकीत दाखवायचं असेल तर खोटं कमी हवं. रुग्णवाहिकेसाठी फाटक उघडायचं असेल तर सुटणं कमी हवं. हे तुमच्यावर आहे, यंत्रावर नाही.

तपासणीत एक चूक जवळपास सगळे करतात. एकाच मुद्रणाचे तुकडे पत्त्यासारखे पिसून काही शिकायला, काही परीक्षेला. एकाच रुग्णवाहिकेचा तिसरा सेकंद शिकवला आणि चौथा परीक्षेत आला तर ९८ टक्के मिळणारच. वाटणी दिवसांनी करा: पाच दिवस शिकायला, एक उंबरठे ठरवायला, दोन परीक्षेला, आणि परीक्षेचे दोन दिवस शेवटपर्यंत उघडू नका. अर्बनसाउंड८के या २०१४ च्या संचातही ८७३२ तुकडे दहा ठरलेल्या गटांतच वापरा, गट मोडू नका असं बजावलेलं असतं, ते याच कारणाने. जुळणीला वेळेची एक सेकंदाची सूट द्या. तुमच्या कामाला तेवढं काटेकोरपण पुरतं.

डेसिबलबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण गल्लत इथे होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ती ए-भारित (कानाला जसं ऐकू येतं तसं वजन दिलेली) सरासरी पातळी. तुमच्या पेटीचा आकडा कायद्यासाठी पुरावा नाही, तो तक्रारीआधीचा अंदाज आहे. तरी अंदाज नीट हवा. ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर या सपाट पाटीच्या माइकवर बसत नाही, म्हणून क्लास २ चा ध्वनिमापक तासाभरासाठी भाड्याने किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणा, माइकच्या शेजारी वीतभर अंतरावर धरा, शांत आणि गजबजलेल्या वेळी मिळून वीसेक मिनिटांचे आकडे घ्या आणि सरासरी फरक कायमचा जोडून टाका. ए-भार फक्त या मोजणीला द्या, मॉडेलकडे जाणाऱ्या आवाजाला नाही. तो खालचे स्वर कापतो.

आणि शेजाऱ्यांचं बोलणं. गच्चीवरचा माइक शेजारच्या बाल्कनीतलं भांडणही ऐकतो. ओळख पायवरच करा, बाहेर फक्त वेळ, नाव, गुण आणि पातळी जाऊ द्या. तपासणीसाठी क्लिप ठेवायच्याच असतील तर पाच सेकंदांच्या ठेवा, यामनेटचा ‘बोलणं’ हा प्रकार ०.३ च्या वर गेला की ती क्लिप पुसा, आणि बाकीच्याही महिन्याने पुसा. पहिल्या आठ दिवसांचं अखंड मुद्रण सुरू करण्याआधी सोसायटीच्या फलकावर सूचना लावा: काय, का, किती दिवस, कोण ऐकणार. कोणी नको म्हणालं तर माइकची जागा बदला.

एक गोष्ट ऋतूवर अवलंबून आहे. मे महिन्यात बसवलेले उंबरठे जूनच्या शेवटी चालणार नाहीत. कूलर बंद होतात, पार्श्वभूमी एकदम खाली येते, बेडूक येतात, आणि पाऊस खरोखर पडू लागतो, तोही शेजारच्या पत्र्यावर. तेव्हा आणखी दोन दिवस मुद्रण करून तीनेक तास लेबल करा आणि तो छोटा थर पुन्हा शिकवा. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांचं आणखी एकदा.

पुढे विचाराल तेव्हा तीन गोष्टी सोबत द्या: माइक गच्चीच्या कोणत्या बाजूला आहे आणि सगळ्यात जवळचा कूलर किती फुटांवर, मुद्रण कोणत्या वेगाने होतंय आणि १६ वर कसं आणता, आणि रात्री दोनचा एक मिनिट, पातळी न ताणलेला, वेव्ह फाइलमध्ये. त्या एका मिनिटावरून साखळीतला बराचसा दोष ऐकूनच सांगता येतो.